समोरचा इंग्रजीत उत्तर देतो, तेव्हा सोमाली कशी शिकावी?

वाचकाचे पत्र: मी मूळची सांगलीची असून सध्या इंग्लंडमधील लेस्टर येथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या शेजारी सोमाली प्रदेशाच्या उत्तरेकडील हार्गेसा शहराकडच्या एक वयस्क सोमाली बाई राहतात. बरीच वर्षे नेदरलँडमध्ये काढून त्या मुलांबरोबर इथे आल्या. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नाही आणि मला सोमाली येत नाही, तरी आमचे एकमेकींकडे जाणे-येणे आहे. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून थोडेफार शिकले. पण दुकानात तोंड उघडले की तिथली मुले हसतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. वॉर्डातील एका सोमाली सहकारी बाईंनी तर ‘तुला हे कशाला हवे?’ असे जरा रोखूनच विचारले. घरचे म्हणतात, शिकायचेच तर जर्मन शीक, उपयोग तरी होईल. घशातले उच्चार मला जमत नाहीत. परक्या माणसाने आपली भाषा शिकणे या लोकांना खटकत असेल का? शिकावी तर कशी? आणि वॉर्डात ती वापरू का?

सप्रेम नमस्कार.

दुकानातील हसण्याने तुमचे मन खट्टू झाले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हार्गेसाच्या बाजारात एखादी परकी बाई मोडकी सोमाली बोलली तर दुकानदाराला ती समजून घ्यावीच लागते, कारण दोघांमध्ये बहुधा दुसरी भाषाच नसते. लेस्टरच्या दुकानातील मुलाचे तसे नाही. तो इथल्या शाळेत शिकलेला आहे, त्याचे इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईदार आहे, तुमच्या मागे चार गिऱ्हाइके उभी आहेत आणि लवकर इंग्रजीत उत्तर देणे ही त्याच्या दृष्टीने तुम्हाला केलेली मदतच आहे. शिवाय परदेशात वाढलेल्या कितीतरी सोमाली मुलांना स्वतःच्या सोमालीविषयी संकोच असतो. घरची वडीलधारी माणसे त्यांना ‘तुझी भाषा बिघडली’ म्हणून सारखी टोकत असतात. अशा मुलासमोर एक भारतीय बाई अचानक त्याच्या आजीची भाषा बोलू लागली की त्याला आधी नवल वाटते आणि मग हसू येते. त्या हसण्यात हेटाळणी शोधू नका. लंडनमध्ये सोमाली कुटुंबांबरोबर काम करताना मी ही भाषा शिकले, तेव्हा मी बोलू लागले की असे हसू बहुतेक घरांत उमटायचे, आणि ज्या घरांत ते उमटले तिथेच पुढे मला सर्वांत जास्त शिकवले गेले.

मात्र यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. परदेशातील सोमाली माणसांत राहून सोमाली शिकायची असेल, तर तुमची मोडकी भाषा ऐकण्यात समोरच्याचा वेळ वाया जाणार नाही, उलट त्यात त्याची काही सोय किंवा करमणूक होईल, अशी जागा शोधावी लागते. गर्दीच्या वेळचे दुकान ही ती जागा नव्हे. तिथे दोन-तीन ठरलेल्या वाक्यांपुरतेच थांबावे. ‘वलाल, बरीस मा हायसा?’ म्हणजे ‘भाऊ, तांदूळ आहे का?’ आणि ‘वा इम्मिसा?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ एवढे विचारावे, पैसे द्यावेत आणि निघावे. सोमाली चहा-कॉफीच्या दुकानांत गप्पा भरपूर रंगतात, पण ती बहुतांशी पुरुषांची बैठक असते आणि तिथे एकट्या बाईने भाषेच्या सरावासाठी जाऊन बसणे अवघडच होईल. बायकांचे बोलणे घरांत, लग्नकार्यांत आणि कपडे-दागिन्यांच्या दुकानांच्या मागच्या बाजूला चालते. तुमच्यासाठी तर उत्तम जागा भिंतीपलीकडेच आहे. शेजारच्या बाईंना इंग्रजी येत नाही, त्यांची मुले दिवसभर कामावर असतात, नातवंडे इंग्रजीत उत्तरे देतात आणि आपल्या भाषेत निवांत बोलायला त्यांना दुपारी कोणी नसते. त्या घरात तुमची सोमाली कितीही मोडकी असली तरी ती हवीशी असणार.

आता त्यांना हाक काय मारायची, ते पाहू. इंग्रजी माणसाला इथे अडखळायला होते, आपल्याला होत नाही, कारण सोमाली नात्यांची घडी आपल्यासारखी आहे. वडिलांचा भाऊ तो अदेर आणि आईचा भाऊ तो अब्ती, म्हणजे आपले काका आणि मामा. वडिलांची बहीण ती एद्दो आणि आईची बहीण ती हबर्यर, म्हणजे आत्या आणि मावशी. आजीला अयेयो म्हणतात. नात्यात नसलेल्या वडीलधाऱ्यांनाही हीच संबोधने लावतात आणि बरोबरीच्या कोणालाही, बाई असो की पुरुष, वलाल म्हणतात. यांपैकी तुमच्या शेजारणीला कोणते शोभेल, हे पुस्तकात पाहू नका. त्यांच्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या बायका काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा. एक गंमत मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे गोंधळ होणार नाही. सोमालीत मोठी माणसे हेच संबोधन लहानांना परत देतात. काका पुतण्याला ‘अदेर’ म्हणतो आणि आई स्वतःच्या लेकराला ‘होयो’, म्हणजे ‘आई’ अशीच हाक मारते. तुम्ही ‘एद्दो’ म्हणालात आणि त्यांनीही तुम्हाला ‘एद्दो’ म्हटले तर त्या तुमची चूक दाखवत नाहीत. त्यांनी तुम्हाला नात्यात ओढून घेतले, असे समजा.

आपल्याला वडीलधाऱ्यांशी बोलताना अहो-जाहोची सवय असते, म्हणून क्रियापद अनेकवचनी करावे असे सारखे वाटत राहते. सोमालीत एका माणसाशी एकवचनातच बोलणे ही रोजची रीत आहे आणि आदर असतो तो संबोधनात व चौकशीत. ही चौकशी लांबलचक असते. ‘इस्का वर्रन?’ अशी सुरुवात होते, मग घरच्यांची, मुलांची, तब्येतीची, मागे राहिलेल्या नातलगांची विचारपूस होते आणि प्रत्येक वेळी ‘वा नबद, अल्हम्दुलिल्लाह’ असे उत्तर येते. घाईने दोन शब्दांत आटोपून मुद्द्याला हात घालणे कोरडेपणाचे समजले जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. ‘रेर्का का वर्रन?’ म्हणजे ‘घरचे कसे आहेत?’ आणि ‘अर्रूर्ता का वर्रन?’ म्हणजे ‘मुले कशी आहेत?’ या एकाच साच्यात नवे नवे नाम बसवत गेलात की रोज पाच मिनिटे बोलणे सहज होते, आणि त्या पाच मिनिटांत व्याकरणाचा बराच भाग नकळत पाठ होतो.

त्यांच्याशी बोलताना वही पुढे करू नका आणि ‘हे कसे लिहितात?’ असेही विचारू नका. सोमाली भाषेला अधिकृत रोमन लिपी मिळाली ती ऑक्टोबर १९७२ मध्ये, सोमालियाचे लष्करी हुकूमशहा सियाद बर्रे यांच्या राजवटीत. त्यापूर्वी कोणी अरबी लिपीत लिहीत, काही जण उस्मान युसुफ केनादीद यांनी तयार केलेली उस्मानिया लिपी वापरत, पण कारभार चाले तो अरबी, इंग्रजी आणि इटालियन भाषांत. पुढे १९७४-७५ मध्ये शाळकरी मुलांना शिक्षक म्हणून खेड्यापाड्यांत आणि भटक्या पशुपालकांच्या वस्त्यांवर पाठवून साक्षरतेची मोठी मोहीम चालवली गेली. तुमच्या शेजारणीचे वय पाहता त्यांचे बालपण या लिपीच्या आधी गेले असणार. त्यांना लिहिता-वाचता येत असेल किंवा नसेल, पण तो प्रश्न तुमच्या तोंडून निघून त्यांना अवघडल्यासारखे व्हायला नको. त्यांच्यापाशी कानाने शिकावे आणि घरी येऊन वहीत उतरवावे.

वहीत मात्र रोमन लिपीतच लिहायला शिका, कारण ती उच्चाराला धरून आहे. इथे मराठी माणसाला काही खास खड्डे आहेत. रोमन अक्षरांत ‘डी’पुढे ‘एच’ दिसला की आपण ‘ध’ वाचतो. सोमालीत तो जवळजवळ आपला ‘ड’ आहे आणि नुसता ‘डी’ म्हणजे ‘द’. ‘एक्स’ला आपण ‘क्ष’ म्हणतो. सोमालीत तो घशातला ‘ह’ आहे, म्हणून हसन या नावाचे पहिले अक्षर तिथे ‘एक्स’ असते. ‘सी’ हे अक्षर अरबीतल्या ‘ऐन’ या घशातून निघणाऱ्या अक्षरासाठी घेतलेले आहे, म्हणून अली हे नाव ‘सी’ने सुरू होते आणि रुग्णांच्या यादीत ते पाहून कित्येक परिचारिका ‘काली’ अशी हाक मारतात. तुम्ही ती बरोबर मारू शकाल, आणि हे काही लहान काम नव्हे. रुग्णालयात स्वतःचे नाव नीट उच्चारलेले ऐकणे माणसाला किती धीर देते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घशातल्या दोन उच्चारांविषयी तुम्ही विचारले आहे. आपण अली, अरब, ईद हे शब्द घेतले, पण त्यांतला ऐन कधीच अ-ई करून टाकला, त्यामुळे आपल्या कानाला तो वेगळा ऐकूच येत नाही. आधी कान तयार करावा लागेल. तुम्ही परिचारिका आहात म्हणून शरीराच्याच भाषेत सांगते. जिभेचे टोक मोकळे आणि खाली ठेवा, जिभेचे मूळ मागे घशाच्या भिंतीकडे ओढा आणि ती जागा अरुंद करून नुसती हवा सोडा. जो खरखरीत, कुजबुजता ‘ह’ निघेल तो ‘एक्स’चा उच्चार. आता तोच आवळलेला घसा तसाच ठेवून आवाज द्या, म्हणजे ‘ऐन’च्या जवळ याल. उर्दूतल्या ‘ख’सारखी घासघास ऐकू आली तर तुम्ही फार वर, टाळूच्या मागच्या बाजूला गेला आहात, खाली या. रोज थोडा वेळ पुरे, कारण घसा दुखेपर्यंत केलेला सराव उपयोगाचा नसतो. सुरुवातीला ‘उन’, म्हणजे ‘खा’, हा एकच शब्द शेजारणीकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या. जेवणाच्या वेळी तो त्यांच्या तोंडी आपसूकच येईल. ‘मर कले’ म्हणजे ‘पुन्हा एकदा’ आणि ‘तर्तीब उ हदल’ म्हणजे ‘सावकाश बोला’ ही दोन वाक्ये जवळ बाळगा. नातवंडे इंग्रजीकडे वळू लागली की ‘अफ सोमाली इगुला हदल’, म्हणजे ‘माझ्याशी सोमालीत बोल’, असे हसत सांगा. लहान मुलांना मोठ्या माणसाच्या चुका काढायला फार आवडते, त्यांच्याइतके प्रामाणिक मास्तर मिळणार नाहीत.

बाकी उच्चारांत तुमची बाजू भक्कम आहे. इंग्रज विद्यार्थी ‘त’ आणि ‘द’ नीट म्हणू शकत नाहीत, ‘ड’ तर त्यांना महिनोन्महिने छळतो. आपल्याला हे सारे जन्मापासून येते. स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष ठेवा, कारण तिथे अर्थ बदलतो. ऱ्हस्व स्वराचा ‘बद’ म्हणजे समुद्र आणि दीर्घ स्वराचा ‘बाद’ म्हणजे गुरांचा चारा. शब्दातील सुराची चढ-उतारही ऐकायला हवी. ‘इनन’ या एकाच शब्दात पहिल्या स्वरावर सूर चढला तर मुलगा आणि दुसऱ्यावर चढला तर मुलगी, आणि लेखनात हा फरक दाखवला जात नाही.

व्याकरणाची भीती बाळगू नका, पण ते सोपे आहे असेही मी सांगणार नाही. काही गोष्टी मराठी माणसाला आयत्या मिळतात. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत नाही, सोमालीत आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘इन्नगु’ आणि त्याला वगळून बोलायचे तर ‘अन्नगु’. इंग्रज विद्यार्थ्याला हे समजावताना शिक्षकाची दमछाक होते, तुम्हाला एका वाक्यात कळले. वाक्याच्या शेवटी क्रियापद येणे आणि नामाला लिंग असणे यांचेही तुम्हाला नवल वाटणार नाही. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, तसे तिथेही ‘कोव इयो लबातन’ म्हणजे ‘एक आणि वीस’ असे म्हणण्याची पद्धत आहे.

खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली म्हणजे ‘वा’, ‘बा’, ‘अया’ हे छोटे शब्द. वाक्यात जोर कशावर आहे ते यांनी ठरते. ‘अली वा यिमिद’ म्हणजे ‘अली आला’ आणि ‘अली बा यिमिद’ म्हणजे ‘अलीच आला’, दुसरे कोणी नव्हे. आपला ‘च’ आपण हवा तेव्हा लावतो, नको तेव्हा सोडून देतो. सोमालीत साध्या विधानालाही यांपैकी काहीतरी लागतेच, आणि ते चुकले की शब्द सगळे बरोबर असूनही वाक्य विचित्र वाटते. यासाठी नियम पाठ करण्यापेक्षा शेजारणीची पूर्ण वाक्येच्या वाक्ये उचलावीत. दुसरी अडचण ‘मा’ या शब्दाची. तो प्रश्नातही येतो आणि नकारातही येतो. ‘मा उन्तय?’ म्हणजे ‘जेवलात का?’ आणि ‘मा उनिन’ म्हणजे ‘जेवले नाही’. फरक सगळा क्रियापदाच्या शेवटी आहे, तेव्हा ‘मा’ ऐकल्यावर लगेच अर्थ लावू नका, वाक्य संपेपर्यंत थांबा. लिंगाचा एक चमत्कारही वाटेत भेटेल. ‘दुकान’ हा शब्द सोमालीतही आहे. एकवचनात तो पुल्लिंगी प्रत्यय घेऊन ‘दुकानका’ होतो आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी प्रत्यय घेऊन ‘दुकामदा’. असे कितीतरी शब्द वचन बदलले की लिंगही बदलतात. पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकीचा प्रत्यय लावला म्हणून कोणाची समजूत अडत नाही. पुस्तक हवेच असेल तर मार्टिन ऑर्विन यांचे १९९५ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पाठ्यपुस्तक घ्या आणि घरी एकट्याने वापरा.

ऐकण्याचा सराव कसा करावा, यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक शिकणारे बोलण्याच्या हौसेत हे विसरतात. बीबीसीची सोमाली सेवा १९५७ पासून चालू आहे आणि शेजारणीच्या पिढीला तिच्या बातम्यांची सवय असते. बातम्यांची भाषा सावकाश आणि शुद्ध असते, पण सुरुवातीला ती डोक्यावरून जाईल. त्यापेक्षा सोपा रस्ता तुमच्याजवळ आहे आणि तो इंग्रज विद्यार्थ्याजवळ नाही. सोमाली लोकांना हिंदी चित्रपटांचे अतोनात वेड आहे आणि सोमाली आवाज चढवलेले हिंदी चित्रपट इंटरनेटवर भरपूर मिळतात. ज्याची कथा आणि संवाद तुम्हाला पाठ आहेत असा एखादा चित्रपट सोमालीत शेजारणीबरोबर बसून पाहा. आई मुलाला काय म्हणते आहे, खलनायक काय धमकावतो आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे कान फक्त शब्दांवर राहतो. शिवाय त्या तुम्हाला मूळ हिंदी गाण्याचा अर्थ विचारतील आणि तेव्हा शिकवण्याची पाळी तुमची येईल. अशी देवाणघेवाण झाली की शिकण्याचे ओझे एकाच बाजूवर पडत नाही.

त्यांच्याकडे लग्न असेल आणि बोलावणे आले तर अवश्य जा. तिथे बायका बुरान्बुर म्हणतात, म्हणजे बायकांनी रचलेली आणि ढोलाच्या ठेक्यावर म्हटलेली कविता. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या मराठी बाईला हा प्रकार परका वाटणार नाही. सोमाली कवितेत एकच आद्याक्षर ओळीओळींतून शेवटपर्यंत सांभाळायचे असते, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी एका अक्षराचे शब्द सारखे कानावर आदळत राहतात. उत्तम बोलणाऱ्या माणसाला या समाजात फार मान आहे. तुमच्या शेजारणीच्या बोलण्यात म्हणी येतील तेव्हा त्या टिपून ठेवा आणि पुढे योग्य वेळी वापरा. दहा बरोबर वाक्यांनी होणार नाही इतका आनंद योग्य जागी आलेल्या एका म्हणीने होतो.

खाण्याचा प्रश्न तुमच्यापुढे येणारच, कारण चहाला ‘नको’ म्हणणे चालत नाही. तो वेलची, दालचिनी आणि लवंग घातलेला गोड चहा तुम्हाला आवडेल. बरोबर येणारे बाजिये म्हणजे चवळी वाटून केलेली भजीच. नाव आणि पदार्थ दोन्ही हिंदी महासागर ओलांडून गेले आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. उत्तर सोमाली किनाऱ्यावरचे बेर्बेरा बंदर आणि मुंबई यांच्यात व्यापार चाले, उत्तरेकडील सोमाली प्रदेश १८८४ ते १८९८ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभाराखाली होता आणि नंतरही कित्येक वर्षे तिथे आपला रुपया चालत असे. हे सांगितलेत तर त्यांनाही काही जुने आठवेल. मांसाहार करत नसाल तर ‘हिलिब मा उनो’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, असे आधीच सांगा. पानात वाढल्यावर सांगणे दोघींनाही जड जाते. कोणाच्या बाळाचे कौतुक केले तर सोबत ‘माशाल्लाह’ म्हणा. दृष्ट लागण्याची काळजी तिथल्या आजीलाही असते.

आता तुमच्या सहकारी बाईंचा प्रश्न. त्यांनी रोखून विचारले याचे मला आश्चर्य वाटत नाही आणि त्याचा तुम्हीही राग मानू नये. निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांना सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, पोलिसांसमोर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले गेलेले असतात, आणि बाहेरचे माणूस आपली भाषा शिकते तेव्हा त्यामागे काम काय आहे, हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. तुमच्याजवळ खरे आणि साधे उत्तर आहे, तेच सोमालीत द्या: ‘वहान रबा इनान देरिस्कय्गा ला हदलो’, म्हणजे ‘मला माझ्या शेजारणीशी बोलायचे आहे’. एवढ्याने बहुतेक वेळा बोलण्याचा सूर बदलतो. याच कारणासाठी काही प्रश्न तुम्हीही विचारू नका. कूळ कोणते, हा तर मुळीच नाही, कारण यादवी युद्धात त्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे जीव गेले आहेत. १९८८ मध्ये हार्गेसावर स्वतःच्याच सरकारने बाँब टाकले, हे तुम्हाला माहीत असावे. शेजारणीने तेव्हा काय पाहिले, हे त्यांनी आपणहून सांगितले तर ऐकावे, भाषेच्या सरावासाठी उकरून काढू नये. परक्या माणसाने भाषा शिकणे लोकांना खटकत नाही. भाषेच्या निमित्ताने घरात शिरून नको ते विचारणे खटकते.

एक सूचना बोलींविषयी. हार्गेसाकडची बोली आणि पाठ्यपुस्तकांतली भाषा बऱ्याच जवळच्या आहेत, त्यामुळे तुमची सोय आहे. पण वॉर्डात दक्षिणेतील राजधानी मोगादिशूकडचा रुग्ण भेटला तर शब्दांतला ‘ड’ तिथे ‘र’ झालेला ऐकू येईल. मुलीला उत्तरेत ‘गबड’ आणि दक्षिणेत ‘गबर’ म्हणतात. काही जण माय ही बोली बोलतात आणि ती तर इतकी वेगळी आहे की हार्गेसाच्या माणसालाही सहज समजत नाही. बरावा शहरातून आलेल्या कुटुंबांची घरची भाषा चिमविनी असते आणि ती स्वाहिलीच्या कुळातली आहे. तेव्हा समोरचा माणूस सोमालियाचा आहे एवढ्यावरून त्याची भाषा ठरवू नका, आधी विचारा.

जर्मन शिका म्हणणाऱ्या घरच्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या भिंतीपलीकडे जर्मन बोलणारे कोणी राहत नाही, इतके सांगणे पुरे.

शेवटी वॉर्डाचे. इथे मी कठोर आहे. नमस्कार, नावाचा नीट उच्चार, ‘जेवलात का?’, ‘पाणी हवे का?’ इतक्या गोष्टी जरूर सोमालीत बोला. पण आजाराचा इतिहास, औषधाचे प्रमाण, ॲलर्जी, शस्त्रक्रियेची संमती यांपैकी काहीही तुमच्या सोमालीतून होऊ देऊ नका. ‘मा’चा प्रश्न आणि ‘मा’चा नकार यांत अजून गफलत होण्याची शक्यता असताना ‘गोळी घेतली का?’ याचे उत्तर चुकीचे समजले तर परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. नेमलेला दुभाषा मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ‘तुला येते ना, तूच विचार’ असे वरिष्ठ म्हणाले तरी नम्रपणे नकार द्या आणि दुभाषा मागवा. सोबत आलेल्या नातवाकडूनही असे काम करून घेऊ नये, कारण आजी त्याच्यासमोर सगळे बोलणार नाही आणि जे बोलेल त्यातले त्याला सगळे कळणार नाही. दुभाषा येईपर्यंत, किंवा फोनवर जोडला जाईपर्यंत, त्या बाईंजवळ उभे राहून घरच्यांची विचारपूस करण्याइतकी सोमाली तुम्हाला येत्या काही महिन्यांत नक्की येईल. रुग्णाशी तुम्ही काय बोललात, ते दुभाषा आल्यावर त्यालाही सांगत जा, म्हणजे काही चुकीचे समजले गेले असेल तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करील.

तुमची,
सल्लागार